निवृत्तोत्तर दीर्घ-मुक्काम व्हिसा

निवृत्त व्यक्तीला परदेशात अर्थार्जन न करता दीर्घकाळ राहण्याची अनुमती देणाऱ्या व्हिसास निवृत्तोत्तर दीर्घ-मुक्काम व्हिसा असे म्हणतात. त्याचे दोन वर्ग पडतात. पहिला, अर्जदाराच्या स्वतःच्या उत्पन्नावर किंवा ठेवीवर मिळणारा निवृत्तिव्हिसा. दुसरा, परदेशस्थ अपत्याच्या आधारावर मिळणारा पालकव्हिसा. सातारा व सांगली जिल्ह्यांतील निवृत्तांपुढे येणारा प्रश्न बहुधा दुसऱ्या वर्गातील असतो.

पार्श्वभूमी

सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) यांसारख्या संस्थांतून शिकलेले अनेक विद्यार्थी विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणक-व्यवसायानिमित्त परदेशी गेले व तेथेच स्थिरावले. त्यांचे आईवडील शिक्षक, बँक कर्मचारी, साखर कारखान्यातील नोकरदार किंवा शेतकरी होते. ही पिढी आता साठी-सत्तरीत आहे. त्यामुळे 'मुलाकडे जाऊन राहावे काय आणि किती दिवस' हा या भागातील घरोघरीचा प्रश्न झाला आहे.

स्वतःच्या उत्पन्नावरील व्हिसा

थायलंडमध्ये वयाची ५० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीस आठ लाख बाथची ठेव किंवा दरमहा ६५ हजार बाथ उत्पन्न दाखवावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत ५५ वर्षांवरील व्यक्तीस पाच वर्षांचा व्हिसा मिळतो. त्यासाठी दहा लाख दिरहमची स्थावर मालमत्ता किंवा तेवढी बचत हा एक मार्ग आहे. रुपयांत ही रक्कम दोन कोटींच्या वर जाते. माध्यमिक शिक्षकाच्या निवृत्तिवेतनाला या अटी पेलण्यासारख्या नाहीत. पोर्तुगालचा 'डी-७' व्हिसा तेथील किमान वेतनाएवढ्या नियमित उत्पन्नावर मिळू शकतो व त्यात निवृत्तिवेतन धरले जाते. परंतु तेथे आप्तस्वकीय नसतील तर केवळ अटी बसतात म्हणून जाण्यात फारसा अर्थ उरत नाही.

अपत्याच्या आधारावरील व्हिसा

येथे व्हिसाची मुदत आणि मुक्कामाची मुदत यांतील भेद प्रथम समजून घेणे आवश्यक आहे. अमेरिकेचा 'बी-२' हा पर्यटक व्हिसा भारतीयांस बहुधा दहा वर्षांसाठी मिळतो. याचा अर्थ दहा वर्षे राहता येते असा नाही. प्रत्येक प्रवेशाच्या वेळी सीमेवरील अधिकारी मुक्काम ठरवून देतो व तो सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा असतो. तो ओलांडल्यास पुढील प्रवेश धोक्यात येतो.

कॅनडाचा 'सुपर व्हिसा' (२०११ पासून) या बाबतीत अधिक उदार आहे. जुलै २०२२ पासून एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहता येते. मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान एक वर्षाचा आरोग्यविमा बंधनकारक आहे आणि अपत्याचे उत्पन्न ठरावीक मर्यादेहून अधिक असावे लागते. ऑस्ट्रेलियाचा उपवर्ग ८७० हा तात्पुरता पालकव्हिसा तीन किंवा पाच वर्षांचा असून एकूण दहा वर्षांपर्यंत वापरता येतो. तेथील कायम वास्तव्याच्या अंशदायी पालकव्हिसासाठी (उपवर्ग १४३) प्रत्येकी चाळीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक शुल्क पडते, शिवाय 'कुटुंब-समतोल' ही कसोटी लागते. एक मुलगा मेलबर्नला व एक मुलगी सांगलीत असेल, तर निम्मी अपत्ये ऑस्ट्रेलियात असल्याने ती पूर्ण होते. दोन मुली जिल्ह्यातच व मुलगा एकटा तिकडे असेल, तर होत नाही.

ब्रिटनने २०१२ मध्ये आश्रित पालकांचे नियम कडक केले. स्नान, कपडे घालणे, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टींसाठी अर्जदारास दीर्घकालीन मदत लागते आणि अपत्याने पैसे पाठवूनही ती मायदेशी मिळू शकत नाही, असे सिद्ध करावे लागते. वॉनलेस रुग्णालयाच्या (१८९४) काळापासून वैद्यकीय सेवेसाठी ओळखल्या जाणाऱ्या मिरजेजवळ राहणाऱ्या अर्जदारास हे पटवून देणे कठीणच. धडधाकट पालकांनी हा मार्ग गृहीत धरू नये.

ग्रीन कार्डचा प्रश्न

एकवीस वर्षे पूर्ण केलेल्या अमेरिकन नागरिकास आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो. या वर्गास वार्षिक संख्यामर्यादा नाही. ज्याच्याकडे स्वतःचे केवळ ग्रीन कार्ड आहे, त्यास हा अर्ज करता येत नाही.

ग्रीन कार्ड हाती आले की प्रश्न सुटला, असा समज आढळतो. तो अपुरा आहे. ग्रीन कार्ड हा कायम वास्तव्याचा परवाना आहे. पुनःप्रवेशाची परवानगी न घेता वर्षाहून अधिक काळ गावी राहिल्यास तो गमावण्याची वेळ येते. पासष्टी ओलांडलेल्या नवागतास 'मेडिकेअर' या सरकारी विम्यासाठी हप्ता भरूनही सामान्यतः पाच वर्षे सलग वास्तव्य लागते; तोवर खाजगी विमा घ्यावा लागतो. याहून दुर्लक्षित बाब कराची आहे. भारतात शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. ग्रीन कार्डधारकाचे मात्र जगभरातील उत्पन्न अमेरिकेत हिशेबात धरले जाते आणि त्यात वाळवा तालुक्यातील उसाचे किंवा तासगावच्या द्राक्षांचे उत्पन्नही येते. भारतातील बँक खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरवर गेल्यास त्याचे विवरणही द्यावे लागते. वर्षातून पाच-सहा महिने नातवंडांत राहून सुगीला घरी येऊ इच्छिणाऱ्यांस साधा पर्यटक व्हिसाच अधिक सोयीचा ठरतो.

कागदपत्रे

दोन्ही जिल्हे पुण्याच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येतात. अमेरिकन व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईस जावे लागते.

खरी अडचण नावांची व तारखांची असते. लग्नात वधूचे नाव बदलण्याच्या रूढीमुळे आईच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर सासरचे नाव असते. नाते सिद्ध करण्याचा मुख्य पुरावा तोच जन्मदाखला असल्याने विवाह नोंदणी प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र व राजपत्रातील प्रसिद्धी यांची जोड द्यावी लागते. जुना विवाह नोंदवलेला नसल्यास १९९८ च्या महाराष्ट्र अधिनियमाखाली तो उशिराही नोंदवता येतो. जन्मतारखेचेही तसेच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिल्याची उदाहरणे या पिढीत विपुल आहेत. सर्व कागदांवर तीच असेल तर अडत नाही. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत निराळी तारीख निघाली की खुलासा द्यावा लागतो.

निवृत्तिवेतन, पैसा व शेतजमीन

निवृत्तिवेतन परदेशी गेल्याने थांबत नाही. हयातीचा दाखला न दिल्यास थांबते. हा दाखला दरवर्षी नोव्हेंबरात द्यायचा असतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आहे. भारतीय दूतावासाच्या साक्षांकनाचा मार्गही खुला आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेनुसार निवासी व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. अनिवासी झाल्यावर मात्र बचत खाते 'एनआरओ' खात्यात बदलून घ्यावे लागते.

अनिवासी भारतीयास पूर्वीची शेतजमीन ठेवता येते, वारसाहक्काने मिळवता येते आणि निवासी भारतीयास विकता येते; नवी विकत घेता येत नाही. म्हणून खातेफोड, वारसनोंद व सातबारावरील दुरुस्त्या जाण्यापूर्वी उरकणे इष्ट. कुलमुखत्यारपत्र परदेशात केल्यास ते दूतावासातून साक्षांकित करून घ्यावे लागते व महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.