लोकसहभागातील सार्वजनिक कलाकृती

चौक, बाग, नदीकाठ, रेल्वे स्थानक अशा सर्वांना मोकळ्या असलेल्या जागी उभी राहणारी आणि जागेच्या निवडीपासून देखभालीपर्यंतच्या कामात परिसरातल्या लोकांचा हात असलेली कलाकृती. पुतळा, भित्तिचित्र, फुटक्या फरश्यांची नक्षी, कारंजे, चार दिवसांचा देखावा हे सगळे तिच्यात येते. शाळेच्या मुलांना आणून भिंतीवर रंगीत पंजे उमटवून घेतले की लोकसहभाग झाला, असे धरण्याचा प्रघात आहे. तो फार सैल आहे. जागा आणि मजकूर ठरण्याआधी कोणाला विचारले, आणि रंग उडाल्यावर बादली कोण उचलतो, यावरून सहभाग जोखता येतो. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात व जिल्ह्यात या प्रकाराची जुनी आणि ताजी, फसलेली आणि टिकलेली अशी दोन्ही उदाहरणे आहेत.

सर्वांत जुना दाखला कन्नड तालुक्यातील पितळखोरे लेण्यांचा. इसवी सनापूर्वीच्या या लेण्यांत एकाच राजाचे नाव नाही. चैत्यगृहातील एक खांब पैठणच्या मित्रदेव या गंधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दिला. दुसरा पैठणच्याच संघकाच्या मुलांनी. शेजारच्या विहारात मगिल नावाच्या राजवैद्याचे व त्याच्या मुलाबाळांचे दानलेख आहेत. म्हणजे डोंगरात कोरलेली ही वास्तू खांबाखांबाने वाटून घेतलेली आहे, आणि ज्याने जेवढे दिले तेवढ्यावरच त्याचे नाव आहे. १९५० च्या दशकात येथे निघालेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचे कोरले आहे. ही मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कारागिराचे नाव मूर्तीच्याच अंगावर सापडणे ही प्राचीन शिल्पकलेत दुर्मिळ गोष्ट. त्या मानाने अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा थाट वेगळा: १६ क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने एकट्याने करवले. लोकवर्गणी आणि एकच धनको, हे दोन्ही मार्ग असे एकाच जिल्ह्यात शेजारी शेजारी दिसतात.

आजच्या शहरात लोकवर्गणीचे चालू रूप म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सव. राजाबाजारातील संस्थान गणपती हे शहराचे ग्रामदैवत मानले जाते. गल्लोगल्लीच्या मंडळांकडे पावतीपुस्तक, मंडपवाला, विजेची जोडणी, पोलिसांचा परवाना, रात्रीची राखण आणि हिशेब विचारणारी जुनी मंडळी अशी सगळी यंत्रणा तयार असते. शिवाय देखावा कधी उतरवायचा याची तिथी आधीच ठरलेली असते. कायम टिकणाऱ्या कलाकृतीचा आराखडा करताना मंडळांकडून ही शिस्त घेण्याजोगी आहे. तरी ती घेतली जाते क्वचितच.

आखणीची सुरुवात जागेच्या मालकीपासून होते. शहरात एकाच रस्त्याच्या दोन बाजू महापालिका, छावणी परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा वक्फ मंडळ यांच्यात विभागलेल्या असू शकतात. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलेले आणि पुढे बावन्न दरवाजांचे म्हणून ओळखले गेलेले हे शहर असल्यामुळे संरक्षित वास्तूचा प्रश्नही पावलोपावली येतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार बीबी का मकबऱ्यासारख्या राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत ते नियंत्रित आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशाने सार्वजनिक रस्ते व पदपथांवर नवे पुतळे वा बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये, असे राज्यांना बजावले.

पुतळ्यांसाठी राज्य शासनाचा २ मे २०१७ चा निर्णय आहे. त्यानुसार मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. जागा निर्वेध असावी लागते. दोन किलोमीटरच्या परिघात त्याच व्यक्तीचा दुसरा पुतळा नसावा. स्थानिकांचा विरोध नसल्याची खात्री करावी लागते, आणि देखभालीची हमी उभारणाऱ्या संस्थेने द्यावी लागते. नमुना आणि प्रत्यक्ष काम यांत अंतर पडले की काय होते हे मालवणच्या राजकोट किल्ल्यावर दिसले. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. आपली मान्यता सहा फुटी मातीच्या नमुन्याला होती, असे कला संचालनालयाने तेव्हा सांगितले.

क्रांती चौकातील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याची हकिगत आखणीचा वेगळाच धडा देते. शेजारून उड्डाणपूल गेला आणि पुतळा खुजा दिसू लागला. उंची वाढवण्याची मागणी त्यातून आली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ३१ फुटी चौथऱ्यावर २१ फुटी नवा पुतळा बसला. एकूण ५२ फूट. पूल आखतानाच चौकातला पुतळा नकाशावर धरला असता, तर हा खटाटोप बराचसा वाचला असता. वाहन चालवणाऱ्याची नजर, पायी चालणाऱ्याची नजर आणि मिरवणुकीतल्या माणसाची नजर वेगवेगळ्या उंचीवर असते; जागेची पाहणी या तिघांसाठी वेगवेगळी करावी लागते.

विषयाइतकाच, कधी त्याहून जास्त, मजकूर पेटतो. २०२० च्या अखेरीस शहरात ‘लव्ह औरंगाबाद’ अशा दिव्यांच्या अक्षरांचे फलक सेल्फीसाठी लागले. उत्तर म्हणून ‘सुपर संभाजीनगर’ची अक्षरे उभी राहिली. शहराच्या नावाचा वाद १९८८ पासून चालू होता आणि नव्या नावाला केंद्राची मंजुरी २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मिळाली. अशा काळात प्लॅस्टिकची चार हात उंच अक्षरे सजावट उरत नाहीत, ती बाजू होतात. महापालिकेत एप्रिल २०२० पासून प्रदीर्घ काळ प्रशासक होते. हरकत घ्यायला वॉर्डाचा नगरसेवक नव्हता. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० अंतर्गत महिलांच्या डब्ल्यू-२० गटाची बैठक शहरात झाली, त्यानिमित्त भिंती रंगल्या आणि चौक सजले. पाहुण्यांची तारीख गाठायची असते तेव्हा विचारपूस सर्वांत आधी गळते.

ही विचारपूस सभागृहात सकाळी अकराला बोलावलेल्या बैठकीने होत नाही. गुलमंडीचा दुकानदार दुपारी दुकान सोडत नाही, पैठण गेटचा हातगाडीवाला रात्री दहानंतर मोकळा होतो, घरकाम करणाऱ्या बाया संध्याकाळी भेटतात. मराठी, उर्दू आणि बोलण्यातली दखनी हिंदी अशा तिन्हींत विचारावे लागते. ‘काय चित्र हवे?’ या प्रश्नाला बहुधा देवाचे, महापुरुषाचे किंवा मोराचे उत्तर येते. ‘इथे पूर्वी काय होते?’ असे विचारले तर नहरीच्या पाण्याचा बंब, पाडलेला दरवाजा, हिमरू कापडाचे माग, बुजलेली बारव निघते. चित्रकाराच्या कामाचा ऐवज या दुसऱ्या उत्तरांत असतो.

प्रत्यक्ष काम वाटून देण्याची सोपी रीत चौकटींची आहे. भिंत घासून, भेगा भरून, बाह्य भिंतीचा प्रायमर मारला की नीळ किंवा गेरू लावलेली दोरी दोन टोकांना ताणून धरतात आणि मधोमध चिमटीने ओढून सोडतात. टप्प आवाज होतो आणि सरळ रेघ उमटते. अशा उभ्याआडव्या रेघांच्या चौकटींत मूळ चित्र मोठे करून उतरवले जाते, प्रत्येक भागात रंगाचा आकडा लिहितात आणि तोच आकडा डब्यावर चिकटवतात. जमिनीपासून पाच-सहा फुटांपर्यंतचे भाग रहिवासी भरतात. परांचीवर फक्त सरावाचे हात. चेहरे, हात आणि अक्षरे चित्रकाराने स्वतःकडे ठेवावीत, नाहीतर पुढची दहा वर्षे एखाद्या महापुरुषाचा डोळा तिरळा राहतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि पश्चिमेच्या भिंतीवर रंग ब्रशवरच घट्ट होऊ लागतो, म्हणून तिथले काम सकाळीच उरकावे लागते.

साहित्याची निवडही गावाच्या मानाने करावी लागते. जुन्या दरवाजांच्या काळ्या दगडांच्या सांध्यांत चुना आहे. त्यावर प्लॅस्टिक रंग मारला की आतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात, म्हणून अशा भिंतींना रंगच लावू नये. ज्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते तिथे कारंज्याचा प्रस्ताव पहिल्याच बैठकीत हसण्यावारी जातो, आणि ते योग्यच. भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा गुटख्याच्या पिचकाऱ्यांसाठी राखीवच असतो असे समजून तिथे गडद रंगाच्या, धुता येणाऱ्या फरश्या बसवतात. थुंकणाऱ्यांना रोखायला देवांच्या फरश्या लावण्याचा उपाय सर्रास दिसतो. पिचकाऱ्या थांबतात, पण भिंतही एका धर्माची होऊन बसते. घरोघरची तांब्या-पितळेची भांडी गोळा करून पुतळा ओतण्याची कल्पना ऐकायला गोड आहे. कांस्य मात्र तांबे व कथिलाच्या ठरलेल्या प्रमाणातून होते. जस्त, शिसे मिसळलेल्या भंगारातून ओतीव भरवशाचे निघत नाही. अशी भांडी चौथऱ्याच्या पट्टीत किंवा घंटेत वापरणे बरे.

पैशाचा मोठा स्रोत २०१३ च्या कंपनी कायद्याने खुला केला. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात आणि वारसा, कला व संस्कृती हे त्यातले मान्य कार्य आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहती असलेल्या शहराला हे सोयीचे. खाम नदीच्या पुनरुज्जीवनात महापालिका, छावणी परिषद, इकोसत्त्व ही संस्था आणि व्हॅरॉक हा उद्योग एकत्र आले. आधी कचरा उचलला, मग काठ सजला. हा क्रम सगळीकडे पाळला जात नाही. जागेवरच्या माणसांना आधी धरल्याचा दुसरा दाखला मुंबईचा: २०१७ मध्ये स्टार्ट इंडिया फाउंडेशनने १८७५ च्या ससून गोदीत केलेल्या कलाप्रकल्पात तिथे मासळीचे काम करणाऱ्यांचीच मोठी छायाचित्रे भिंतींवर चढली. प्रकल्प काही आठवड्यांचा होता आणि गोदीचे कामही त्या काळात चालूच राहिले.

देखभालीचा करार कामाच्या आदेशासोबतच व्हावा लागतो: धुणे किती महिन्यांनी, पुनर्रंगकाम कोणाच्या खर्चाने, रस्तारुंदीत कलाकृती आड आली तर काय. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याचे कलम ५७ कलावंताला कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क देते. विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकल्याबद्दल शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी केंद्र सरकारविरुद्ध दावा लावला. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले शिल्प परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा निकाल दिला. शेकडो हातांनी रंगवलेल्या भिंतीचा असा हक्क कोणाकडे, हे करारात लिहिलेले नसले तर नंतर ठरवणे अवघड जाते.

काही कलाकृतींत लोक मागाहून शिरतात. मराठवाडा विद्यापीठाचे प्रवेशद्वार बांधले तेव्हा ते केवळ कमान होते. २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळ ठरावानंतर नामांतराचा लढा सोळा वर्षे चालला, त्यात माणसे मेली, घरे जळाली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. तेव्हापासून दर १४ जानेवारीला मराठवाड्यातून आलेली माणसे या कमानीसमोर थांबून अभिवादन करतात. बायाबापड्या पोरांना कडेवर घेऊन तिच्यासमोर फोटो काढतात, आणि कमानीची छोटी प्रतिकृती घेऊन गावी परततात.