थायलंडमधील भातसंस्कृती

थाई लोकांचा आहार, धर्मविधी व राज्यव्यवस्था यांची जडणघडण तांदळाभोवती झाली आहे. थाई भाषेत तांदूळ व भात या दोहोंनाही ‘खाओ’ म्हणतात. जेवण्याच्या क्रियेस ‘किन खाओ’ (भात खाणे), तर त्यासोबतच्या पदार्थांना ‘काप खाओ’ (भाताबरोबरचे) अशी संज्ञा आहे. भात हेच अन्न व बाकीचे तोंडीलावणे, ही कल्पना यातून व्यक्त होते. मध्य व दक्षिण भागांत मोकळा भात रूढ आहे. उत्तरेत व ईशान्येकडील इसान भागात चिकट तांदूळ वाफवून बांबूच्या करंडीत ठेवतात आणि हाताने गोळे करून खातात.

लोकधर्मात माए फोसोप ही धान्यदेवता मानली जाते. पीक पोटरीस आले की ती गर्भवती झाली, असे समजून तिचे डोहाळे पुरविण्यासाठी शेतात आंबट फळे वाहतात. राजाश्रयाने होणाऱ्या नांगरणी समारंभात ब्राह्मण पुरोहितांना मान असून, मोंगकुट राजाने (कार. १८५१–६८) त्यास बौद्ध विधींची जोड दिली. १९३६ नंतर खंडित झालेला हा समारंभ १९६० मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यात पेरलेले बी शेतकरी शुभ म्हणून वेचून नेतात.

अयुथ्या राज्यात (१३५१–१७६७) सामाजिक दर्जाही भातशेतीच्या मापाने ठरे. त्राइलोकनाथ राजाच्या काळात (कार. १४४८–८८) व्यवस्थित रूप मिळालेल्या ‘साक्दिना’ पद्धतीत मंत्र्याचा दर्जा १०,००० राय, सामान्य रयतेचा २५ व गुलामाचा ५ राय असे (१ राय = १,६०० चौ. मी.). हे आकडे प्रत्यक्ष मालकीचे नव्हे, तर प्रतिष्ठेचे निदर्शक होत. रयतेस राज्यासाठी वेठही करावी लागे.

१८५५ च्या बाउरिंग तहाने तांदळाच्या निर्यातीवरील राजकीय निर्बंध दूर झाले. चाओ फ्राया नदीच्या मुखाकडील सखल प्रदेश लागवडीखाली आला; १८९० नंतर रांगसित भागात कालवे खोदण्यात आले. १८५० नंतरच्या दशकात सु. १० लाख पिकल (१ पिकल = सु. ६० किग्रॅ.) असलेली वार्षिक निर्यात १९३०–३४ मध्ये अडीच कोटी पिकलांवर गेली.

या भरभराटीचा पुरेसा लाभ मात्र शेतकऱ्यास मिळाला नाही. १९५५ ते १९८६ पर्यंत निर्यातीवर ‘प्रीमियम’ हा कर होता. त्यामुळे शहरांत तांदूळ स्वस्त राहिला; पण शेतावरील भावही दबला. १९५९ मध्ये प्रसृत झालेल्या ‘खाओ दोक माली १०५’ या सुवासिक वाणाला जगभर मागणी आली. तथापि तो मुख्यत्वे ज्या इसानमध्ये पिकतो, तो देशातील गरीब प्रदेश होय. २०११ मध्ये शासनाने बाजारभावापेक्षा बऱ्याच चढ्या दराने खरेदी सुरू केली. परिणामी निर्यात घटली, साठे तुंबले, २०१२ मध्ये भारत निर्यातीत पुढे गेला आणि २०१४ मध्ये योजना संपुष्टात आली. पूज्य मानलेल्या धान्याचे मोल पिकविणाऱ्याच्या पदरात कसे पडावे, हा प्रश्न थाई इतिहासात असा वारंवार उद्भवला आहे.