पटकी : जंतू, विष आणि पाणी

गावात पटकी शिरली की महाराष्ट्रातील खेडूत मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडीत. बंगालमधील खेडूत ओलाबीबीला नवस बोलत. सकाळी धडधाकट असलेला माणूस सायंकाळी डोळे खोल जाऊन निश्चेष्ट पडे. अशा रोगापुढे मनुष्याने दुसरे करावे तरी काय? १८१७ साली बंगालमध्ये उसळलेल्या साथीनंतर काही वर्षांतच पटकीने युरोपही गाठला, आणि तेथील वैद्यही तितकेच हतबल ठरले.

१८५४ साली लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरे शोधून काढली, तेव्हा त्यांतील बहुतेक ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती आढळली. रोग दूषित हवेतून नव्हे, पाण्यातून पसरतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो पाचिनी यांनी रोग्यांच्या आतड्यांत जंतू पाहिले. परंतु दूषित हवेच्या कल्पनेने भारलेल्या विद्वानांनी दोघांचेही म्हणणे मनावर घेतले नाही. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा तो जंतू निश्चित केला. तेथील एका तळ्याच्या पाण्यातही तो त्यांना सापडला.

शत्रू कोण हे कळले. तो मारतो कसा, हे मात्र कळले नव्हते. त्याचे उत्तरही कलकत्त्यातच मिळाले. डॉ. शंभुनाथ दे यांनी जंतू वाढविलेला द्रव गाळून घेतला आणि तो निर्जंतुक द्रव सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला. जंतू नसतानाही आतडे पाण्याने फुगले. म्हणजे घात होतो तो जंतूने बाहेर टाकलेल्या विषामुळे, हे १९५९ साली सिद्ध झाले. हे विष आतडे फाडीत नाही. ते शरीरातील पाणी व क्षार आतड्यावाटे वाहून घालविते. रोगी मरतो तो कोरडा पडून.

एवढे उमगल्यावर उपायाची दिशाही स्पष्ट झाली. शिरेतून क्षारजल देता येई. पण त्यासाठी बाटल्या, सुया आणि शिकलेले हात लागत. साखरेच्या संगतीने मीठ व पाणी आजारी आतड्यातही शोषले जाते, हे १९६० नंतरच्या दशकात ढाका व कलकत्ता येथील संशोधनातून दिसून आले. १९७१ साली पूर्व बंगालमधील निर्वासितांचे लोंढे बनगावला आले आणि क्षारजलाचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात मिसळून पिंपे भरविली आणि रुग्णांच्या आप्तांनाच ते पाणी पाजावयास सांगितले. छावण्यांत शेकडा ३० पर्यंत गेलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या केंद्रात ४ च्या खाली आले.

पटकी अजून जगातून गेलेली नाही. जेथे पिण्याचे पाणी मैल्यापासून वेगळे राहत नाही, तेथे ती आजही परत येते. तिला दाराबाहेर ठेवण्यास शुद्ध पाणी लागते, आणि ती आत आलीच तर रोग्याच्या उशाशी बसून घोटघोट पाणी पाजणारे माणूस लागते.