टीव्हीवरचा कार्यक्रम कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करता येतो का? डीडी फ्री डिश, ट्यूनर आणि कायदा समजून घ्या

तापी आणि गोमाई नद्यांच्या संगमावर वसलेलं प्रकाशा हे नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातलं गाव. 'दक्षिण काशी' म्हणून ते ओळखलं जातं. इथल्या एखाद्या घरावर डीडी फ्री डिशची छत्री लावायची असेल, तर तिचं तोंड आग्नेय दिशेला करावं लागतं. ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून हे प्रक्षेपण होतं, तो विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. प्रकाशातून पाहिलं तर तो क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर येतो.

छत्रीत येणारा हा सिग्नल टीव्हीप्रमाणेच घरच्या कॉम्प्युटरमध्येही घेता येतो. कार्यक्रम पाहता येतो आणि हार्ड डिस्कवर साठवताही येतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. मात्र प्रत्येक वाहिनीच्या बाबतीत हे शक्य नसतं.

जुनं टीव्ही ट्यूनर कार्ड का चालत नाही?

वीसेक वर्षांपूर्वी अनेक घरांत कॉम्प्युटरला टीव्ही ट्यूनर कार्ड लावलेलं असायचं. केबलची वायर थेट त्यात जोडली की चित्र दिसायचं. तो सिग्नल अ‍ॅनालॉग होता. पुढे केबलचं टप्प्याटप्प्याने डिजिटायझेशन झालं. ग्रामीण भागाचा समावेश असलेल्या चौथ्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली. दूरदर्शनचे अ‍ॅनालॉग मनोरेही बहुतेक ठिकाणी बंद झाले. त्यामुळे जुन्या कार्डला पकडता येईल असा सिग्नल आता उरलेला नाही.

दूरदर्शनने २०१६ मध्ये जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं, पण ते देशातल्या मोजक्या शहरांपुरतं होतं. त्यात मुंबई, तेव्हाचं औरंगाबाद आणि इंदूर यांचा समावेश होता. ही शहरं प्रकाशापासून इतकी दूर आहेत, की अँटेना लावून उपयोग नाही. म्हणजे इथे उरतात केबल आणि छत्री.

कुलूप कुठे असतं?

केबल आणि पैसे भरून घेतल्या जाणाऱ्या डीटीएच सेवांचा सिग्नल सांकेतिक रूपात, म्हणजे कुलूप लावून पाठवला जातो. त्याची किल्ली सेट टॉप बॉक्समध्ये किंवा त्यातल्या कार्डात असते. कॉम्प्युटरच्या ट्यूनरकडे ती नसल्याने सिग्नल पकडला तरी चित्र दिसत नाही.

काही बॉक्समध्ये पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंगची सोय असते. पण अशी फाइल अनेकदा त्याच बॉक्सवर चालते. बॉक्स बिघडला किंवा कंपनी बदलली, की ती निरुपयोगी ठरते. सेट टॉप बॉक्स कोणत्याही कंपनीच्या सेवेसाठी वापरता यावेत, अशी शिफारस ट्रायने एप्रिल २०२० मध्ये केली होती.

डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झालेल्या डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही. तिच्यावरच्या ज्या वाहिन्या कुलूप न लावता प्रक्षेपित होतात, त्या ट्यूनरवर थेट दिसतात.

काय काय लागतं?

छत्री आणि तिच्यावरचा एलएनबी आधीपासून असेल, तर फक्त ट्यूनर घ्यावा लागतो. तो यूएसबीला जोडायचा किंवा कॉम्प्युटरच्या आत बसवायचा, असे दोन प्रकार मिळतात. घेताना त्यावर 'डीव्हीबी-एस२' लिहिलेलं आहे का, ते बघावं. नुसता 'डीव्हीबी-एस' चालणारा जुना ट्यूनर सगळ्या वाहिन्या पकडत नाही.

टीव्ही आणि कॉम्प्युटर एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवायचे असतील, तर दोन आउटपुटचा एलएनबी आणि दुसरी वायर लागते. ट्यूनर एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देऊन हवा तो सिग्नल निवडतो. साध्या स्प्लिटरने एकच वायर दोघांना दिली, तर ही निवड एकमेकांत अडकते.

सॉफ्टवेअर मोफत मिळतं. लिनक्सवर टीव्हीहेडएंड आणि कॅफिन, तर विंडोजवर नेक्स्टपीव्हीआर वापरता येतं. चॅनल स्कॅन केल्यावर यादी येते आणि ठरावीक वेळेचं रेकॉर्डिंग लावून ठेवता येतं. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. त्यामुळे वाहिन्या बदलतात आणि अधूनमधून पुन्हा स्कॅन करावं लागतं.

लाईट गेली तर?

रेकॉर्डिंग साधारणपणे '.टीएस' प्रकारच्या फाइलमध्ये होतं. उपग्रहावरून येणारी माहिती १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांत असते आणि ती तशीच डिस्कवर उतरते. म्हणून मध्येच लाईट गेली, तरी तोपर्यंतचा भाग बहुतेक वेळा वाया जात नाही. वीएलसीसारख्या प्लेअरवर तो चालतो.

जागेचा हिशेब सोपा आहे. वाहिनीचा वेग सेकंदाला ३ मेगाबिट धरला, तर एका तासाला सुमारे १.३५ जीबी लागतात. म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर ७०० तासांहून अधिक रेकॉर्डिंग मावतं. पेन ड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही.

जोराच्या पावसात मात्र सिग्नल क्षीण होतो. त्या वेळी चित्र तुटलं, तर रेकॉर्डिंगमध्येही ते तुटलेलंच येतं.

हे कायदेशीर आहे का?

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३९ नुसार स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिकपणे शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी केलेलं रेकॉर्डिंग प्रसारकाच्या हक्कांचा भंग ठरत नाही. तीच फाइल विकणं किंवा यूट्यूबवर टाकणं ही वेगळी गोष्ट आहे, तिला या कलमाचं संरक्षण नाही. हक्कभंग करण्याच्या हेतूने सिग्नलचं कुलूप तोडणं हा कलम ६५-अ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाची तरतूद आहे.

याचा उपयोग कोणाला?

सर्वात जास्त उपयोग विद्यार्थ्यांना होऊ शकतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'स्वयंप्रभा' या शैक्षणिक वाहिन्या जीसॅट-१५ वरूनच येतात. मे २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात 'पीएम ई-विद्या' योजनेत पहिली ते बारावी, प्रत्येक इयत्तेसाठी एक वाहिनी जाहीर झाली. २०२२ च्या अर्थसंकल्पात या १२ वाहिन्या २०० पर्यंत नेण्याची घोषणा झाली. राज्यांना प्रादेशिक भाषांत शिकवता यावं, हा त्यामागचा हेतू होता.

टीव्हीवरचा पाठ ठरलेल्या वेळी येतो. त्या वेळी मूल शेतात असेल, लाईट गेलेली असेल किंवा घरातला एकच टीव्ही दुसऱ्या कोणाला हवा असेल, तर तो हुकतो. नंतर मोबाइलवर बघायचा, तर डेटा आणि नेटवर्क दोन्ही लागतात. सातपुड्याच्या पाड्यांवर नेटवर्कचीच अडचण आहे. एखाद्या शाळेने छत्री, एक ट्यूनर आणि जुना कॉम्प्युटर एवढी जुळवाजुळव केली, तर तो पाठ साठवून वर्गात हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा दाखवता येतो.