नकाराचा उपसर्ग

सन १८८३ मध्ये रोनाल्ड रॉस नावाचा एक तरुण लष्करी शल्यवैद्य बंगळूरच्या छावणीत हंगामी नेमणुकीवर आला. राहावयास बंगला चांगला मिळाला. परंतु डासांनी त्याला सळो की पळो करून सोडले. शोध घेता त्यांच्या अळ्या खिडकीबाहेरच्या पाण्याच्या पिंपात वळवळताना दिसल्या. त्याने पिंप उपडे केले, आणि डास पुष्कळच कमी झाले. हाच उपाय अधिकाऱ्यांच्या भोजनगृहाभोवती करावा, असे त्याने सुचविले. तेव्हा तेथील अधिकाऱ्याने ते हसण्यावारी नेले. सृष्टिक्रमात ढवळाढवळ कशाला, असा त्याचा एकंदर सूर होता.

डास आणि हिवताप यांचा संबंध त्या वेळी रॉसलाही ठाऊक नव्हता. पुढे चौदा वर्षांनी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेस ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठरात त्याला हिवतापाच्या जंतूची खूण सापडली. त्या डासाच्या जातकुळीला ‘ॲनॉफेलीस’ हे नाव मायगेन या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १८१८ मध्येच देऊन ठेवले होते. ग्रीक भाषेत ‘ओफेलोस’ म्हणजे लाभ, उपयोग. त्याच्या आधी नकाराचा ‘अन्’ लागला, की अर्थ होतो निरुपयोगी, कुचकामी. ज्याच्यामुळे लक्षावधी माणसे दगावली, त्या जीवाची शास्त्राच्या दप्तरी नोंद होती ती केवळ ‘बिनकामाचा’ एवढीच!

‘ॲनॉफेलीस’ आणि आपला ‘अनुपयोगी’ हे शब्द कानाला जवळचे वाटतात, यात काही योगायोग आहे आणि काही खरे नाते आहे. ‘ओफेलोस’ आणि ‘उपयोग’ हे एकमेकांचे कोणी नव्हेत. ‘अन्’ मात्र दोन्हीकडे एकाच मुळाचा आहे. संस्कृत आणि ग्रीक या भगिनी भाषा असाव्यात, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या सभेत सांगितले होते. त्याची साक्ष हा चिमुकला उपसर्गही देतो. आपण व्यंजनापूर्वी ‘अ’ लावतो, म्हणून ‘अज्ञान’; स्वरापूर्वी ‘अन्’ लावतो, म्हणून ‘अनादर’. ग्रीकांचा नियम नेमका हाच आहे. ‘सेप्सिस’ म्हणजे कुजणे. त्याचा अभाव तो ‘असेप्सिस’. ‘ऐस्थेसिस’ म्हणजे संवेदना. ती नाहीशी करणे हे ‘ॲनेस्थेशिया’. १८४६ मध्ये बोस्टनला इथर देऊन रुग्णाला वेदना न होता शस्त्रक्रिया करण्यात आली, तेव्हा या अवस्थेसाठी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी हा शब्द सुचविला. आपण त्यालाच सुटसुटीतपणे ‘भूल’ म्हणतो.

मात्र आरंभी ‘अन’ ऐकू आला म्हणजे तो नकारच, असे समजू नये. ‘ॲनाटमी’तील ‘अना’ हा निराळा उपसर्ग आहे. तेथे उकलून कापणे हा भाव आहे.

नकाराच्या शब्दात एक धोका असतो. काय नाही, हे तो सांगतो. का नाही, याविषयी तो मूक राहतो. ‘ॲनिमिया’ म्हणजे अक्षरशः ‘रक्त नसणे’. वस्तुतः रक्त असते. त्याचा कस कमी झालेला असतो. १९२८ मध्ये डॉ. लूसी विल्स मुंबईस आल्या, तेव्हा गर्भारपणी या विकाराने गिरणी कामगार स्त्रिया खंगत होत्या. ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर न थांबता त्यांनी या स्त्रियांच्या ताटात काय पडते, हे पाहिले. यीस्टच्या अर्काने गुण येतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल, हे पुढे उलगडले. आणि १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत ते कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या मंडळींत आपले यल्लाप्रगड सुब्बाराव अग्रणी होते. नाव होते ‘अभाव’. शोध लागला तो कशाचा अभाव, या प्रश्नाने.

बंगळूरला या शब्दांचे आणखी एक दालन आहे. १९५४ मध्ये येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली, आणि १९७४ मध्ये तिच्यातून व जुन्या मनोरुग्णालयातून आजची ‘निम्हान्स’ उभी राहिली. तेथील मज्जाविकारतज्ज्ञांच्या नित्याच्या बोलण्यात ‘अफेझिया’, ‘अटॅक्सिया’, ‘ॲम्नेशिया’ हे शब्द येतात: वाचा नाही, अवयवांचा मेळ नाही, स्मृती नाही. पण अफेझियाचा रुग्ण निर्बुद्ध नसतो. पुष्कळदा त्याला मनात काय म्हणावयाचे ते ठाऊक असते, शब्द तेवढा हाती लागत नाही. कित्येकदा दोन भाषा जाणणाऱ्याची एक भाषा आधी परतते, दुसरी मागाहून. घरी एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या या शहरात डॉक्टरला म्हणूनच विचारावे लागते, की कोणती भाषा गेली आणि कोणती उरली. नुसत्या ‘अ’ने ते कळत नाही.

रॉसने उपडे केलेल्या पिंपाची आठवण येते ती यासाठी. शब्दकोशाने डासाला निरुपयोगी ठरविले होते आणि छावणीने त्याला दुर्लक्षणीय मानले होते. त्याने मात्र पिंपात डोकावून पाहिले. आपल्या हाती आलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘अ’ किंवा ‘अन्’ने सुरू होणारा एखादा शब्द दिसला, तर घाबरून जाऊ नये, काय कमी पडले आणि कशामुळे, एवढे मात्र अवश्य विचारावे.