जुने रिव्हॉल्वर ओळखताना : एका छोट्या भोकाची कथा

अमेरिकेत वापरलेल्या हत्यारांची कायदेशीर खरेदी-विक्री मोठ्या प्रमाणावर चालते. तेथील दुकानात स्मिथ अँड वेसन कंपनीचे जुने रिव्हॉल्वर हाती आले की जाणकार ग्राहक आधी ते रिकामे असल्याची खात्री करून घेतो आणि लगेच त्याची डावी बाजू पाहतो. सिलिंडर उघडण्याच्या बटणाच्या किंचित वर एक लहानसे गोल भोक आहे काय, हे तो शोधत असतो. ते भोक म्हणजे अंतर्गत कुलपाची किल्ली लावण्याची जागा. भोक असेल तर हत्यार साधारणतः २००१ नंतरचे समजावे.

या भोकामागे राजकारण आहे. मार्च २००० मध्ये कंपनीने क्लिंटन प्रशासनाशी करार केला आणि दोन वर्षांत आपल्या हत्यारांत अंतर्गत कुलूप बसविण्याचे मान्य केले. लहान मुलांच्या हाती भरलेले हत्यार पडून होणारे मृत्यू टळावेत, हा त्यामागील एक हेतू होता. परंतु हत्यारप्रेमींना ही शरणागती वाटली आणि त्यांनी कंपनीवर बहिष्कार घातला. टॉमकिन्स या ब्रिटिश उद्योगसमूहाने १९८७ मध्ये ११ कोटींहून अधिक डॉलर मोजून घेतलेली ही कंपनी मे २००१ मध्ये अवघ्या दीड कोटी डॉलरला, कर्जाच्या बोजासह विकली गेली. विशेष म्हणजे ती घेणारी सेफ-टी-हॅमर ही हत्यारांची कुलपे तयार करणारी कंपनी होती!

कुलपाची रचना साधी आहे. किल्ली फिरविली की घोड्याच्या शेजारची एक पातळ पट्टी वर सरकते आणि घोड्याला अडवून धरते. मग चापही ओढला जात नाही. वजनाने हलक्या पण भारी काडतुसांच्या रिव्हॉल्वरमध्ये गोळीच्या धक्क्याने ही पट्टी आपोआप वर येते, अशा तक्रारी झाल्या. स्वसंरक्षणासाठी हत्यार बाळगणाऱ्याला ही शंकासुद्धा पुरेशी असते. या भोकाला ‘हिलरी होल’ असे कुत्सित नाव पडले आणि कुलपापूर्वीच्या हत्यारांना मागणी वाढली. पुढे कंपनीने काही प्रारूपे पुन्हा कुलपाविना काढली. त्यामुळे भोक नाही म्हणजे हत्यार जुनेच, असे आता म्हणता येत नाही.

म्हणून इतर भागही तपासावे लागतात. सिलिंडर बाहेर काढल्यावर त्याच्या दांड्यालगत चौकटीवर प्रारूप क्रमांक कोरलेला दिसतो. ही पद्धत १९५७ पासूनची. क्रमांकापुढील आडव्या रेघेनंतरचा आकडा रचनेतील बदल सांगतो. ६८६-५ हे कुलपापूर्वीचे, तर ६८६-६ कुलूप असलेले. नळी चौकटीत आडव्या खिळीने पक्की केलेली असेल तर हत्यार बहुधा १९८२ पूर्वीचे. जुन्या घडीव घोड्यालाच टोचणीसारखे टोक असे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात धातूच्या भुकटीपासून साच्यात घडविलेले भाग आले आणि ती टोचणी चौकटीत गेली. अशा नव्या चापाची मागील बाजू पोकळ असते. हे भाग कमअस्सल असल्याची समजूत रूढ असली, तरी केवळ तेवढ्यावरून हत्यार नाकारण्याचे कारण नाही.

त्याहून महत्त्वाचे अक्षर म्हणजे ‘एम’. ५८६ व ६८६ या प्रारूपांच्या सुरुवातीच्या हत्यारांत काही काडतुसांमुळे सिलिंडर अडकत असे. कंपनीने १९८७ मध्ये ती दुरुस्तीसाठी परत मागविली आणि दुरुस्त केलेल्यांच्या क्रमांकापाशी ‘एम’ उमटविला. तो नसल्यास दुरुस्ती राहून गेल्याची शक्यता धरावी.

१९५७ पूर्वीच्या रिव्हॉल्वरवर प्रारूप क्रमांक नसतो. तेथे मुठीच्या तळाशी असलेला अनुक्रमांक पाहावा. तोच आकडा सिलिंडरच्या मागील बाजूस व नळीखालीही असेल, तर भाग मूळचे आहेत. भारतात परवान्यावर हत्याराचा अनुक्रमांक नोंदलेला असतो. त्यामुळे परवानाधारकांमध्ये हस्तांतरित होणाऱ्या जुन्या विदेशी रिव्हॉल्वरच्या बाबतीत चौकटीवरील आकडा कागदाशी ताडून पाहणे व्यवहारापूर्वीच उरकावे लागते.