धाकट्या भावंडाचा उपद्रव : विनोद आणि दृष्टिकोन

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या इंग्रजी बालसाहित्यात भावंडांचे भांडण हा विनोदाचा विषय नव्हता, तो पापाचा विषय होता. मेरी मार्था शेरवूड यांच्या 'द फेअरचाइल्ड फॅमिली' (पहिला भाग १८१८) या पुस्तकात मुले बाहुलीवरून भांडतात, तेव्हा पिता त्यांना फाशीच्या खांबापाशी घेऊन जातो. आपल्या भावाचा खून करणाऱ्याचे प्रेत तेथे लोंबकळत असते. भावंडांविषयीचा राग म्हणजे खुनाची पहिली पायरी, अशी ही मांडणी आहे. तीत मुलाला राग कबूल करण्यास जागाच नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील विनोदी बालकथेने हीच जागा निर्माण केली. कथा कोणाच्या नजरेतून सांगितली जाते, हा प्रश्न त्या घडामोडीच्या केंद्रस्थानी आहे.

डोरोथी एडवर्ड्‌स यांच्या 'माय नॉटी लिटल सिस्टर' (१९५२) या ब्रिटिश कथासंग्रहात थोरली बहीण आता प्रौढ झालेली आहे आणि ती धाकटीच्या बाललीला आठवून सांगते. काळाच्या अंतरामुळे उपद्रवाची धार बोथट होते. राग उरत नाही, कौतुक उरते. येथील हास्य मुख्यतः प्रौढाचे आहे.

अमेरिकेतील बेव्हर्ली क्लिअरी (१९१६–२०२१) यांनी हे अंतर काढून टाकले. 'हेन्री हगिन्स' (१९५०) या त्यांच्या पहिल्या पुस्तकात जवळजवळ सर्वच मुले एकुलती एक होती. ही उणीव जाणवल्यावर एका पात्राला बहीण द्यावी म्हणून रमोना जन्मास आली. 'बीझस अँड रमोना' (१९५५) मध्ये मात्र तीच घर व्यापून बसते. तळघरातील सफरचंदांचा एकेकच घास घेऊन ती टाकून देते; बहिणीच्या दहाव्या वाढदिवशी दोन केक बिघडवते. थोरलीचे नावही धाकटीच्याच तोंडून आलेले आहे. 'बीट्रिस' म्हणता न आल्याने ती 'बीझस' झाली. मराठी घरात 'ताई' वा 'दादा' या संबोधनातच थोरल्याला मान मिळतो आणि त्याबरोबर सोसण्याची जबाबदारीही येते. येथे थोरलीपाशी असे पद नाही, उलट तिचे नावच धाकटीने घडविले आहे.

या पुस्तकाचे ऐतिहासिक महत्त्व खोड्यांच्या मालिकेपेक्षा तिच्या शेवटी येणाऱ्या कबुलीत आहे. रमोना आपल्याला कधीकधी आवडत नाही, हे बीझस बोलून जाते आणि स्वतःच हादरते. आई व मावशी मात्र आपल्या बालपणीची भांडणे आठवून हसू लागतात. शेरवूड यांच्या कथेत जेथे फाशीचा खांब होता, तेथे आता हास्य आहे. अपराधाची भावना नाकारली जात नाही, ती वाटून घेतली जाते.

जूडी ब्लूम यांनी 'टेल्स ऑफ अ फोर्थ ग्रेड नथिंग' (१९७२) मध्ये प्रथमपुरुषी निवेदन थोरल्या पीटरकडे सोपविले. धाकटा फज त्याचे पाळीव कासव गिळतो, तेव्हा सर्वांना काळजी वाटते ती फजची; कासवासाठी एकटा पीटर झुरतो. पुढे आईवडील त्याला कुत्र्याचे पिल्लू देतात आणि तो त्याचे नाव 'टर्टल', म्हणजे कासव, असे ठेवतो. भरपाई तो स्वीकारतो, पण नुकसान विसरू देत नाही. घटना हास्यास्पद आहे, तक्रार मात्र न्याय्य आहे. या दोहोंतील ताणावर पुस्तक उभे आहे.

थोरल्याला वाणी मिळाली, तरी उपद्रवी ठरलेल्या मुलाची बाजू उरतेच. 'रमोना द पेस्ट' (१९६८) मध्ये क्लिअरी यांनी निवेदन तृतीयपुरुषीच ठेवले, पण दृष्टिकोन रमोनाकडे वळविला. 'प्रेझेंट' या इंग्रजी शब्दाचे 'सध्याचा काळ' आणि 'भेट' असे दोन अर्थ होतात. शिक्षिका पहिल्या अर्थाने तिला तूर्त येथे बस, असे सांगते; रमोना दुसरा अर्थ घेऊन भेटवस्तूची वाट पाहत जागेवरून हलत नाही. बाहेरून जो हट्ट दिसतो, तो आतून शब्दावरचा विश्वास असतो. 'पेस्ट' हे शीर्षकातील विशेषण म्हणजे इतरांनी दिलेला निकाल आहे आणि कथा तो निकाल तपासून पाहते.

'रमोना फॉरएव्हर' (१९८४) मध्ये धाकट्या रॉबर्टाच्या जन्माने रमोना स्वतःच थोरली होते. आता सोसण्याची पाळी तिची असते. उपद्रव हा स्वभाव नसून कुटुंबातील एक स्थान आहे, हे या मालिकेने बोध न करता दाखविले. म्हणूनच या कथांचे मूल्यमापन करताना त्या किती हसवितात, एवढेच विचारणे पुरेसे नाही. कोणाच्या रागाला त्यांनी हसण्यापूर्वी ऐकून घेतले, हेही विचारावे लागते.